पाइनला बांधलेली गोधडी

इथे अमेरिकेच्या दक्षिणेत, शुगर लँडला थंडी अशी नसतेच, तरी डिसेंबरात मी गोधडी उन्हात टाकते. तिच्यावरचा चिकाचा डाग अजून बोटाला कडक लागतो. नाक जवळ नेलं की पाइनचा वास येतो, निदान मला तरी.

तेव्हा आम्ही ओहायोत, डब्लिनला होतो. सहा वर्षांच्या रोहनने स्लेडिंगला, म्हणजे बर्फाच्या टेकडीवरून घसरगाडीने घसरायला, जायचं म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. नागपूरच्या उन्हात वाढलेला माझा नवरा आधी टेकडी उतरून बघून आला. पायथ्याशी पाइनचं झाड होतं. तो घरी गेला, गोधडी घेऊन आला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीने ती खोडाभोवती आवळू लागला.

“अहो, माझ्या आईने शिवलेली आहे ती!”

“मग पोराला नीट सांभाळेल.”

“बाबा, प्लीज! एव्हरीबडी इज लुकिंग,” रोहन रडकुंडीला आला.

दुपारभर मुलं किंचाळत घसरत राहिली. झाडाकडे एकही स्लेड फिरकली नाही. हा मात्र कानटोपी घालून, हात पसरून गोधडीशेजारी उभा. पुढे कित्येक वर्षं मी त्याला यावरून चिडवलं. आता चिडवायला तो नाही.

आज संध्याकाळी रोहनचा फोन आला. तो आणि त्याची लेक मीरा अजून तिकडेच, ओहायोत असतात.

“आई, इकडे मस्त स्नो झालाय. मीरा स्लेडिंगसाठी मागे लागलीये.” मग म्हणाला, “बाबांची ती गोधडी आहे ना गं अजून? पाठवशील?”

मी खोका शोधायला उठले. दोरीही घालायला हवी.