एका नंबरच्या दोन लेन्स
मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. नवं पुस्तक आलं की पहिल्या पानावर शिक्का मारायचा आणि त्यात दाखल क्रमांक लिहायचा, हे माझं एकवीस वर्षांचं काम. एकदा चहाला उठून परत आल्यावर मी एकच क्रमांक दोन पुस्तकांना घातला होता. वार्षिक तपासणीत त्यावरून जे ऐकावं लागलं, ते अजून कानात आहे. तेव्हापासून आकड्यांच्या बाबतीत मी फार जागी असते.

फोटोंचा नाद मला चाळिशीत लागला. कॅमेरा डिजिटल घेतला, पण त्याला मी जुन्या, हाताने फिरवून फोकस करायच्या लेन्स लावते. मध्ये एक कडं बसवलं की चाळीस वर्षांपूर्वीची लेन्सही नव्या कॅमेऱ्यावर निमूट चालते. अशीच एक पन्नास एमएमची लेन्स आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंनी घर आवरताना मला देऊन टाकली. जुळे सोलापूरच्या आमच्या फ्लॅटवर आणून ती पुसायला घेतली, तर पुढच्या कड्यावर बारीक पांढऱ्या अक्षरांत नंबर कोरलेला. ४४७१७४४. पुढून वाचा, मागून वाचा, तोच. मी नवऱ्याला हाक मारली. तो पोळ्या करत होता. त्याने नंबर एकदा इकडून वाचला, एकदा तिकडून वाचला, मग बोट ठेवून परत वाचला, तोवर तव्यावरची पोळी काळी झाली. ती आम्ही अर्धी अर्धी खाल्ली आणि खातानाही लेन्स मधे ठेवली होती.

जिल्ह्यातल्या जुन्या कॅमेरावाल्यांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर तेव्हा विचित्र नंबरांचीच लाट आली होती. केम गावच्या एका शेतकऱ्याच्या कॅमेऱ्याचे शेवटचे चार आकडे आणि त्याच्या मोटरसायकलचा नंबर एकच निघाला होता. कुणाच्या तरी लेन्सवर सात उलटा कोरलेला होता. मी माझ्या लेन्सचा फोटो टाकला आणि दुपारपर्यंत अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. मी ग्रंथालयात बसून पुस्तकांच्या आड फोन धरून ते अंगठे मोजत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला, तर मैंदर्गीच्या एका सभासदाने फोटो टाकलेला. तीच लेन्स, तोच नंबर. खाली दोनच शब्द, ‘माझी पण.’ मला वाटलं, माझाच फोटो उचलून टाकला. रागारागाने मोठा करून बघितला. माझी लेन्स मी पिवळ्या टेबलक्लॉथवर ठेवली होती. ही चादरीवर होती, आपल्या सोलापुरी चादरीवर, आणि चादरीच्या नक्षीतला मोर स्पष्ट दिसत होता. मी डबा तसाच ठेवला आणि फोन लावला.

ते गृहस्थ पासष्टीचे. मैंदर्गीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता, तो बंद करून काही वर्षं झाली होती. ग्रुपवर त्यांना सगळे अण्णा म्हणत. मी म्हटलं, एक नंबर दोन वस्तूंना पडत नसतो. अण्णा शांतपणे म्हणाले, “ताई, माझी लेन्स माझ्याकडं तीस वर्सं हाय. तुमची खरी हाय का, ते बघा की.” हे मला फार लागलं. मी सांगून टाकलं की रविवारी मी लेन्स घेऊन येते, समोरासमोर बघू. तर ते म्हणाले, “या की. जेवायलाच या.” भांडायला फोन केला होता आणि जेवणाचं आमंत्रण घेऊन ठेवला.

रविवारी सकाळी आम्ही स्कूटरवर निघालो. कॅमेरा डिकीत ठेवला होता, पण लेन्स नवऱ्याच्या नव्या मोज्यात घालून मी पोटाशी धरली होती. अक्कलकोटला चहा प्यायलो. नवऱ्याने विचारलं, समज खरंच तोच नंबर निघाला तर? मी म्हटलं, निघणं शक्यच नाही. पण पुढचा सगळा रस्ता मनातल्या मनात मी तो निघावा अशीच इच्छा धरून बसले होते.

दारात वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, “बर्री, बर्री” असं कन्नडमध्ये या-या करत पुढे आल्या. अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, भिंग हातात घेऊन कॉटवर बसले होते. समोर चादर अंथरलेली, तिच्यावर मधोमध त्यांची लेन्स. मी मोज्यातून माझी काढून शेजारी ठेवली. त्यांनी एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि मी माझ्या लेन्सवर बोट सरकवत गेले. चार, चार, सात, एक, सात, चार, चार. सातही आकडे जुळले. मग आम्ही भिंगातून पाहिलं. दोन्हींवर शेवटचा चार किंचित खाली घसरला होता, सारख्याच अंतराने. कोरणारं यंत्र एकच होतं, आणि बहुधा हातही एकच.

मग अण्णांचे खांदे हलायला लागले. त्यांच्या पाठोपाठ माझं सुरू झालं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी येतं तसलं हसू, थांबवायला गेलं की वाढणारं. अण्णा डोळे पुसत म्हणाले की कारखान्यातला माणूस एक लेन्स करून चहाला गेला असणार आणि परत येऊन यंत्र पुढं सरकवायला विसरला असणार. मी म्हटलं, अण्णा, मी हेच केलंय, पुस्तकांवर. मग तर नवराही कॉटवर आडवा झाला. जगात कुठे तरी माझ्यासारखीच एक चूक करणारं कुणी तरी होतं आणि त्याच्या त्या चुकीची दोन्ही टोकं सोलापूर जिल्ह्यातच येऊन पडली होती, याचा मला इतका आनंद झाला की मी वहिनींना मिठी मारली. त्यांना बिचाऱ्यांना कारण कळलं नव्हतं.

जेवायला ताटं मांडायची म्हणून वहिनींनी दोन्ही लेन्स उचलून फळीवर ठेवल्या. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. जेवून हात धुऊन अण्णांनी लेन्स खाली काढल्या आणि तसेच उभे राहिले. “ताई,” ते म्हणाले, “ह्यातली तुमची कुठली?”

मला सांगता येईना. कडेला ओरखडा आहे म्हटलं, तर दोन्हींना होता. अण्णा म्हणाले, तीस वर्षं फिरवलेलं कडं मी डोळे मिटून ओळखीन. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही कडी सावकाश फिरवली आणि उजवीकडची आपली म्हणून छातीशी धरली. नवऱ्याने हळूच जागा बदलली आणि परत ओळखायला लावलं. त्यांनी पुन्हा उजवीकडचीच धरली. वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “एरडू वंदे.” दोन्ही एकच, असा त्याचा अर्थ अण्णांनी सांगितला, तोही जरा घुश्शातच.

शेवटी फोटो काढून बघू असं ठरलं. वहिनींना अंगणात लिंबाच्या झाडाखाली बसवलं. तालुक्यातल्या कितीतरी नवऱ्या मुलींचे फोटो अण्णांनी काढले होते, पण वहिनींचा म्हणून काढलेला ओळखपत्राचा तेवढा एकच होता. हे त्या अगदी सहज बोलल्या. मग अण्णांनी एक लेन्स माझ्या कॅमेऱ्याला लावली आणि पाच-सहा फोटो काढले, हनुवटी वर, पदर नीट, इकडे बघ, असं करत. नंतर दुसरी लावून मी काढले. पडद्यावर शेजारी शेजारी पाहिले तर लेन्सचा काही फरक दिसेना. वहिनींनी मात्र अण्णांनी काढलेल्यातला एक निवडला आणि म्हणाल्या, “ह्याच्यात मी लई चांगली दिसते.”

वाटणीही त्यांनीच केली. डोळे मिटून एक माझ्या हातात दिली, एक अण्णांच्या. आम्ही ती मोज्यात घालून घरी आलो.

आठवड्याने अण्णांचा फोन आला, त्यांना शंका येत होती. आम्ही अक्कलकोटच्या स्टँडवर भेटून लेन्स बदलल्या. महिन्याने मला शंका आली, पुन्हा बदलल्या. गेल्या खेपेला आम्ही चौघंही होतो. भजी खाल्ली, वहिनींच्या फोटोची फ्रेम कुठे लावली ते ऐकलं, आणि निघालो. घरी आल्यावर मला आठवेना, बदलल्या की नाही. मी फोन लावला. अण्णांनाही आठवत नव्हतं. ते हसायला लागले, मी हसायला लागले, मागून वहिनी कन्नडमध्ये काय झालं म्हणून विचारत होत्या, आणि हसू आवरून त्यांना नीट सांगायला अण्णांना बराच वेळ लागला.