कपिलानं खाल्लेला बाफला

आधी कबूल करा की हसणार नाही, मग सांगते. नाही, तुम्ही हसणारच. हसा बापडे! आमच्या घरात तर रोज हसतात.

आमच्या सईचा पंधरावा वाढदिवस. मागच्या वर्षी मी तिला घरी फुटबॉलचा केक करून दिला होता. तो फुटबॉलसारखा दिसला नाही, पण उसळला मात्र तसाच! मैत्रिणींनी वर्षभर तिला चिडवलं. उरलेला तुकडा मी गायीला घातला. कपिला, म्हणजे रोज संध्याकाळी आमच्या फाटकाशी येणारी गाय. तिनं हुंगला आणि सरळ पुढच्या घरी निघून गेली.

तेव्हा यंदा सईनं साफ सांगितलं, "मम्मी, केक बेकरीतून. प्लीज."

"बिलकुल नाही! असा करीन की मैत्रिणी बघत राहतील."

"पक्कं? आणि गडबड झाली तर?"

"तर जन्मभर बेकरीचा आण. मी हूं का चूं करणार नाही."

झालं! बोलून बसले.

मेनू दाल-बाफल्यांचा. उज्जैनला पंगत म्हटली की दुसरं काय? कणकेचे गोळे उकडायचे, भाजायचे, तुपात बुडवायचे आणि डाळीत कुस्करून खायचे. मग मला सुचलं, केकही दाल-बाफल्यांच्या थाळीचाच करावा! बिनअंड्याच्या केकचे चार गोळे, वरून मधाची चकाकी, वाटीत आंब्याच्या कस्टर्डची डाळ, बाजूला पिस्त्याच्या क्रीमची चटणी. सगळं आमच्या रोजच्या स्टीलच्या थाळीत. काय सांगू, असा हुबेहूब जमला की मीच माझ्यावर खूश!

सासूबाई म्हणाल्या, "अगं, काहीतरी खूण कर. नैवेद्याचं ताटही तसंच वाढणार आहेस. घोटाळा होईल."

"आई, माझ्या हातचं मला ओळखू येणार नाही होय?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

सहा वाजले. ओट्यावर दोन थाळ्या शेजारी शेजारी, दोन्हींवर भैरवगढ़च्या छापाचे रुमाल. घरभर तुपाचा घमघमाट, चष्म्यावर वाफ. तेवढ्यात दाराची बेल. आल्या पोरी! सासूबाई देवघरातून ओरडल्या, "आधी नैवेद्य, मग ते हॅप्पी बर्थडे! आणि गायीचं विसरू नकोस!"

मी फटाफट एक थाळी उचलली, तुळशीचं पान ठेवलं, देवाला दाखवली आणि तशीच फाटकाशी नेली. आमच्याकडे नैवेद्याचं ताट गायीला जातं. कपिला वाटच बघत होती. तिच्या घमेल्यात थाळी उलटी केली. बाफले पडले, पण डाळ काही वाटी सोडेना. खाली आपटली तेव्हा थबकन् पडली. म्हटलं, आज डाळ जरा घट्टच झाली वाटतं.

आत यांनी दुसऱ्या थाळीत मेणबत्त्या खोचायला घेतल्या होत्या.

"अगं, फार कडक आहे हा. मेणबत्ती मोडतेय."

"तुम्हाला एक काम नीट जमत नाही. जोर लावा!"

दिवे मालवले, गाणं झालं. पोरी मोबाइल घेऊन सरसावल्या. "वॉव आंटी! बिलकुल असली लग रहा है!" मी आपली लाजतेय. सईनं सुरी धरली, दाबली. सुरी सटकली आणि बाफला टुणकन् उडून सोफ्याखाली!

"मम्मी, पुन्हा फुटबॉल?" सईचा आवाज रडवेला झाला.

तिच्या मैत्रिणीनं, रियानं, तोवर डाळीचा चमचा तोंडात घातला होता. आंब्याच्या आशेनं हो! तिचे डोळे गरगरले. "आंटी… इसमें तो हींग का तड़का है!"

सईनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून फाटकाकडे बघितलं. कपिला घमेलं चाटत होती, अगदी तळापर्यंत, शेपटी हलवत.

"सई, बेटा… तुझा केक गायीनं खाल्ला. म्हणजे मीच घातला."

मला वाटलं, आता ही रडणार. दोन दिवस खपून केलेला केक, आणि पोरीचं पुन्हा हसं! पण सई खिडकीशी गेली, कपिलाला बघत राहिली आणि पोट धरून हसत सुटली. "मम्मी, तिनं खाल्ला! या वर्षी तिनं खाल्ला!" मग मागच्या वर्षी कपिलानं केक नुसता हुंगून सोडल्याची गोष्ट तिनं स्वतःच मैत्रिणींना सांगितली. सगळ्या लोळायच्या बाकी होत्या.

पोरींनी खाली फतकल मारली आणि मेणबत्त्या उपटून बाफले हाणले. रियानं तर चार खाल्ले! सासूबाई मला एवढंच म्हणाल्या, "खूण कर म्हटलं होतं." मी निमूट तूप वाढत राहिले. खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता कपिला हजर. मी पोळी पुढे केली. तिनं हुंगली, मान वळवली आणि माझ्याकडे टक लावून उभी राहिली. हलेचना!

सईनं माझ्या गळ्यात हात टाकला. "मम्मी, ठरलं. पुढच्या वर्षी माझा केक बेकरीतून."

"आणि मी काय करू?"

"तू कपिलाचा कर ना. तिला आवडतो."