बसवंतमामांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो

मंगळवारी आमच्या बेंबळी गावात माझ्यामुळे एका जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली गेली... हसू नका. सुरुवातीला मीही हसले होते.

आमच्या गल्लीतले बसवंतमामा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. जळालेली मोटार उघडायची, तांब्याची तार नव्याने गुंडाळायची... चाळीस वर्षं हेच काम. त्यांच्यावर मी सकाळी एक रील टाकली.

रील छान झाली होती, खोटं कशाला बोलू. पण कव्हरला मामांचा फोटो लावला तो ब्लॅक अँड व्हाइट... सुरकुत्या उठून दिसतात म्हणून. खाली त्यांचं नाव, मागे हळवी बासरी आणि वर ओळ, 'असा माणूस पुन्हा होणे नाही'.

पहिलीच कमेंट आली, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मग जोडलेल्या हातांची रांगच लागली. व्हिडिओ उघडून बघायच्या भानगडीत कुणी पडलंच नाही... आणि कव्हरचा स्क्रीनशॉट मामांच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरायला लागला.

लोकांचा गैरसमज होतोय हे मला कळलं होतं. पण कमेंट वाढताहेत ना, मग राहू दे थोडा वेळ, असं मनात आलं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण खरं तेच आहे.

दुपारी मामांच्या दुकानासमोर माणसं जमलेली दिसली, म्हणून गेले. मामांची थोरली बहीण, सुभद्राआक्का, तो स्क्रीनशॉट बघून भूम गावाहून आल्या होत्या. मामा काम करताना फोन घरी ठेवतात, त्यामुळे आक्कांचा कॉल कुणी उचलला नव्हता... आणि आक्का तशाच एस्टीत बसल्या, धाराशिवला गाडी बदलून इथवर आल्या. दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या.

मामा दुकानात मोटार उघडून बसलेले. त्यांना बघितलं आणि आक्का पायरीवरच खाली बसल्या. भावाचा तेलकट हात त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला. मामा आपले सारखे म्हणत होते, "आक्का, म्या हाय की. काय न्हाय झालं मला."

मी माफी मागितली. मामा हसून म्हणाले, "जाऊ दे पोरी, मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतंय म्हणत्यात."

आक्का हसल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. "त्याचं वाढलं व्हय... तीन तास एस्टीत रडत आले म्या. माझं किती कमी झालं, त्ये बी बघ की तुझ्या फोनात."

मी तिथेच उभी राहून रील डिलीट केली.

चहा झाल्यावर आक्कांनीच मला हाक मारली आणि दोघांचा फोटो काढायला सांगितला. "रंगीत काढ," एवढंच म्हणाल्या. काढला, आधी त्यांना दाखवला, त्या 'टाक' म्हणाल्यावरच पोस्ट केला.

आता ज्यांच्यावर व्हिडिओ करते, त्यांच्या घरच्यांना आधी दाखवते. याला वेळ जातो, कधी कधी व्हिडिओच रद्द होतो... होऊ दे. आक्का, तुम्ही हे हसण्यावारी नेलं नाहीत, त्याबद्दल मनापासून आभार.

फोटो खाली दिलाय. आक्कांच्या दोन वेगळ्या चपला त्यात दिसतात... क्रॉप करता आल्या असत्या, पण माझ्या लक्षात राहावं म्हणून तशाच ठेवल्यात.