जूनच्या नॉर्वेत चंद्र नसतो

“जूनमध्ये आमच्याकडे उत्तरेला पौर्णिमेचा चंद्र दिसत नाही,” इंग्रिड फोनवर म्हणाली.

“म्हणजे? ढग असतात?”

“नाही गं. तो उगवतच नाही.”

इंग्रिड आमची नॉर्वेतली ग्राउंड ऑपरेटर. म्हणजे आम्ही इथे ऑकलंडमध्ये बसून ट्रिप विकायची आणि तिकडची हॉटेलं, बस, गाइड तिने सांभाळायचे. मी तेव्हा ऑकलंडच्याच माउंट वेलिंग्टन भागातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत कन्सल्टंट होते. २००५च्या आसपासची गोष्ट. मी तिला एवढंच विचारलं होतं, की अगदी उत्तरेला, नॉर्डकापला, पौर्णिमेच्या रात्री पूजा करायला हॉटेलची उघडी गच्ची मिळेल का. तिने माझ्या पायाखालची गच्चीच काढून घेतली.

क्लायंट होता मंदार. मूळ कराडचा, इथे आयटीत. त्याचे वडील, अप्पा, ऐंशी पार केलेले, वर्षभरासाठी मुलाकडे राहायला आले होते. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं होतं. अप्पांची एकच तक्रार होती. आपण पृथ्वीच्या खालच्या अंगाला राहतो, त्यामुळे न्यूझीलंडमधून चंद्र उलटा दिसतो. अप्पा म्हणायचे, “इथला ससा डोक्यावर उभा आहे. हा चंद्र मी मोजायचा नाही.” बर्फ बघायची हौसही त्यांना आयुष्यभर होती. यावर मंदारने काढलेला तोडगा म्हणजे नॉर्वे. अप्पांना नॉर्वे एवढंच माहीत होतं, बाकी सगळं सरप्राइज.

त्याने इंटरनेटवरून ‘नॉर्वेत पाहायलाच हवं असं काही’ प्रिंट करून आणलं होतं. ओस्लोतली व्हायकिंग जहाजं, बर्गनचा मासळीबाजार, फ्लोमची डोंगरातली रेल्वे, गायरांगरचा फ्योर्ड, लोफोटेनची बेटं आणि टोकाला नॉर्डकाप. सगळं आठवड्याभरात. फ्योर्ड म्हणजे डोंगरांच्या कुशीत शिरलेला समुद्र. तसले इथे न्यूझीलंडच्या साउथ आयलंडवर हवे तेवढे आहेत, हे मी सांगून पाहिलं. मासळीबाजारात अप्पा काय करणार, हेही विचारलं. ते अंड्याचा केकही खात नव्हते.

“अहो नीलिमाताई, एवढ्या लांब जायचं तर सगळं बघूनच यायचं ना,” मंदार म्हणाला.

ठीक. बुकिंग झालं. आणि आता इंग्रिड हे सांगत होती.

तिने समजावलं ते इतकं सोपं होतं, की माझीच मला लाज वाटली. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असतो. जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, तिथे पौर्णिमेचा चंद्र उगवत नाही. हिवाळ्यात नेमकं उलटं.

मी आमच्या बॉसकडे, ब्रायनकडे गेले. त्याने पाय टेबलावरून खाली घेण्याचीही तसदी घेतली नाही.

“नील, त्यांनी मिडनाइट सन बुक केलाय ना?”

“हो.”

“मग मिडनाइट सन मिळेल. ब्रोशरमध्ये आपण चंद्राचं वचन दिलेलं नाही. स्वीट अ‍ॅज.” म्हणजे इथल्या भाषेत, सगळं झकास.

“पण ते चंद्रासाठीच चाललेत!”

“तो त्यांच्या धर्माचा प्रश्न आहे. तू काही बोलू नकोस. बुकिंग हलवायचं म्हणजे डबल काम.”

संताप म्हणजे काय, ते मला त्या दिवशी नीट कळलं. एका म्हाताऱ्या माणसाला जगाच्या टोकाला न्यायचं, गुडघे दुखेपर्यंत फिरवायचं आणि ज्यासाठी आणलं तेच तिथे नाही, हे त्याला तिथे पोचल्यावर कळू द्यायचं. यात ब्रायनला काहीच खटकत नव्हतं. मी जागेवर आले आणि थेट मंदारला फोन लावला.

त्याने चंद्राचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ठीक आहे हो. रात्री बारा वाजता सूर्य दिसणार, ते काय कमी आहे? पूजा रूममध्ये करू. लॅपटॉपवर चंद्राचा फोटो लावू.”

“लॅपटॉपवर?”

“अप्पा समजून घेतील. प्लीज, त्यांना आत्ता काही बोलू नका. सरप्राइज आहे.”

मी फोन ठेवला, आपटलाच म्हणा ना. ब्रायनचं सोडा, तो बोलूनचालून परका. पण हा पोटचा मुलगा!

सुदैवाने इन्शुरन्स कंपनीचा एक नियम आहे. म्हाताऱ्या प्रवाशाने तब्येतीच्या प्रश्नांची उत्तरं स्वतः द्यायची आणि सही स्वतः करायची. त्यासाठी मंदारला अप्पांना ऑफिसात आणावंच लागलं. अप्पा टोपी मांडीवर ठेवून समोर बसले. बीपी, शुगर, ऑपरेशनं, सगळं झालं. मंदार माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. पलीकडून ब्रायनही बघत होता, पण त्याला मराठी कुठे कळतंय.

“अप्पा,” मी म्हटलं, “तुम्ही जून महिन्यात नॉर्वेच्या उत्तर टोकाला जाताय. तिथे त्या दिवसांत पौर्णिमेचा चंद्र उगवत नाही.”

“नीलिमाताई!” मंदार ओरडला.

अप्पांनी पेन खाली ठेवलं. “अजिबात नाही?”

“अजिबात नाही.”

“मग मी कशाला चाललोय?”

“अप्पा, आता सगळं ठरलंय...” मंदार म्हणाला.

“तू ठरवलंस. मला कधी विचारलंस?” आवाज न चढवता त्यांनी फॉर्म बाजूला सारला. मग ते माझ्याकडे वळले. “केव्हा उगवतो तिथे?”

“डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा पौर्णिमेच्या आसपास तो मावळतच नाही. पण तेव्हा सूर्य उगवत नाही, आणि थंडी मरणाची.”

“सूर्य मी रोज बघतो,” अप्पा म्हणाले. “थंडीला स्वेटर आहेत.”

जानेवारीत इथे उन्हाळ्याची सुट्टी, त्यामुळे रजेची सबबही मंदारकडे उरली नाही. इंग्रिडने भल्या मनाने सगळं हलवून दिलं. मासळीबाजार, रेल्वे, बेटं, नॉर्डकाप, सगळ्यावर काट मारली. ओस्लोला विमान बदलायचं आणि ट्रोम्सोला जाऊन राहायचं, बस्स. मंदार माझ्याशी एक शब्द बोलला नाही. ब्रायन मात्र आठवडाभर बोलत होता.

परत आल्यावर अप्पा एकटेच बसने ऑफिसात आले. पहिले दोन दिवस ढग होते, म्हणाले. तिसऱ्या दिवशी आभाळ मोकळं झालं.

“मावळतच नाही हो तो! जेवलो, झोपलो, उठलो, तरी आहेच. शेवटी मीच दमलो.” हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही.

त्याच आठवड्यात मंदारचा तक्रारीचा ईमेल आला. चंद्राच्या उजेडामुळे आकाशातल्या त्या हिरव्या नॉर्दर्न लाइट्स फिक्या दिसल्या, आणि तशी सूचना एजन्सीने आधी दिली नव्हती. ब्रायनने तो मला फॉरवर्ड केला. वर एकच प्रश्नचिन्ह. आणि पुढच्या हिवाळ्याच्या ब्रोशरमध्ये आमचं नवं पॅकेज छापून आलं, ‘आर्क्टिक फुल मून’. कल्पना कोणाची, असं हेड ऑफिसने विचारलं तेव्हा ब्रायनने लाजत ‘माझीच’ म्हणून मान खाली घातली म्हणे.

मी तेव्हापासून एक केलं. कुणीही आईवडिलांसाठी बुकिंग करायला आलं, की त्यांना सांगायचं, जाणाऱ्या माणसाशी माझं फोनवर बोलणं करून द्या. सरप्राइज आहे म्हणाले, तर त्यांना शेजारच्या एजन्सीचा पत्ता द्यायचा.