इंजिन आहे की पुतळा?

आई जन्मभर एकाच गोष्टीवरून मला बोलत आली. "खातेस कुठं गं? वारा आला तर उडून जाशील." त्या दिवशी याच काटकुळ्या अंगाचा गावाला उपयोग झाला. इंजिनाच्या भट्टीचं तोंड जेमतेम घमेल्याएवढं होतं. संग्रहालय समितीतले सगळे प्रतिष्ठित गृहस्थ एकेक करून त्याच्यासमोर वाकले, आत डोकावले, मग स्वतःच्या पोटाकडे बघून मागे सरकले. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"ताई, तुम्हीच पेटवापेटवीची भाषा केली होती ना," एकजण म्हणाला. "मग घुसा आता भट्टीत."

मी घुसले.

पेटवापेटवीची भाषा मीच केली होती, हे खरं. सोलापूरच्या जुन्या मालधक्क्याच्या शेडमध्ये आमचं छोटंसं संग्रहालय आहे आणि त्यात हे इंजिन उभं आहे. अरुंद रुळांवरून कुर्डुवाडी, बार्शी असं धावलेलं, वाफेचं. रूळ रुंद झाले आणि हिला इथं आणून उभं केलं. काळा रंग, लाल पट्टा आणि गळ्यात पाटी: 'हात लावू नये'. त्या पाटीनं माझं डोकं फिरलं. आपल्या गावाला पुतळे फार आवडतात. जिवंत आहे तोवर कुणी विचारत नाही, मेलं की चौथरा बांधतात आणि वर्षातून एकदा धुतात. मी आधी पाण्यासाठी पत्रकं काढली होती, सिटी बससाठी काढली होती. पत्रकाचं पहिलं वाक्य थोबाडीत बसलं पाहिजे, एवढंच लिखाण मी शिकलेय. म्हणून गुलाबी कागदावर छापलं, 'इंजिन आहे की पुतळा?' आणि नवी पेठेपासून स्टेशनापर्यंत वाटलं.

खाली शेवटची ओळ होती: 'ज्या हातांनी हिची शेवटची आग विझवली, त्याच हातांनी ती पुन्हा पेटेल.'

ते हात चाचांचे होते. चाचा म्हणजे या इंजिनावरचे शेवटचे ड्रायव्हर. वय झालेलं, गुडघे गेलेले, तरी रोज दुपारची नमाज झाली की शेडमध्ये येऊन बसायचे. खांद्यावर फडकं. कुणी न सांगता पितळी भाग पुसायचे. पोरांनी बफरवर पाय ठेवला की ओरडायचे, "उतर खाली! तुज्या आज्याला ओढलंय तिनं." मी पत्रक वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "खरंच करशील का बेटी, का छापायपुरतं?"

"खरंच करेन. तुम्हीच चालवाल. शब्द दिला."

एरवी मी शब्द पत्रकासारखे वाटत फिरते. पण हा त्यांनी घडी घालून खिशात ठेवला, असं मला वाटलं.

समिती नमली. ठरलं असं, की साखर कारखान्यात उभी हयात बॉयलर सांभाळलेले एक साहेब श्रीपूरकडून येतील, आतून तपासतील आणि ते हो म्हणाले तर आग पेटेल. त्या तपासणीसाठी मी भट्टीच्या तोंडातून आधी हात, मग डोकं, मग बाकीचं सगळं आत ढकललं.

आत गेल्यावर मी काय बघितलं ते नीट सांगायचा मी नंतर पुष्कळदा प्रयत्न केलाय. उभं राहता येत नव्हतं, पण बसता येत होतं. मी टॉर्च लावला. समोरची अख्खी भिंत भोकांची होती, मधाच्या पोळ्यासारखी. भट्टीतला जाळ पाण्यातनं गेलेल्या याच नळ्यांतून पलीकडे जायचा, हे चाचांनी मला शंभरदा सांगितलेलं. पलीकडचं झाकण साहेबांनी उघडलं आणि एकेका नळीच्या टोकाला उजेडाचा ठिपका उगवला. एक, चार, मग सगळे. दिवसाढवळ्या मी चांदण्यांसमोर बसले होते.

मग मी टॉर्च बाजूच्या भिंतींवर फिरवला. डोक्यावर, पाठीमागे, सगळीकडे रिबेटांची डोकी. ओळीत, पण एकासारखं दुसरं नाही. एक चपटं, एक कललेलं, एकावर घणाचा तिरका वळ. तापून लाल झालेला खिळा कुणीतरी धरलाय, दुसऱ्यानं हाणलाय आणि दोघं पुढच्याकडे सरकलेत. कोण होते, कुठल्या देशातले होते, कोणती भाषा बोलायचे, कुणास ठाऊक. त्यांच्या हातांचे ठसे चहूबाजूंनी माझ्याकडे बघत होते. मी सभेत माइक नसला तरी ऐकू जाईल अशा आवाजाची बाई. तिथं हळूच "अरे," एवढंच म्हणाले. तो शब्द नळ्यांतून पलीकडे गेला आणि जरा बारीक होऊन परत आला.

"काय झालं?" बाहेरून साहेबांनी विचारलं.

"काही नाही. बघतेय."

"बघायला नाही, तपासायला गेलीस. खालचे कोपरे बघ."

"राख आहे."

"बाजूला कर."

लगेच चाचांचा आवाज आला. "राख म्हनू नका सायेब, अंगारा हाय तो. सांडू नको गं, घमेल्यात घे."

ही चाचांची रीत. लोकोशेडमध्ये खंडेनवमीला सगळी जातधर्माची माणसं मिळून इंजिनाची पूजा करायची. इंजिन संग्रहालयात आलं तरी चाचांनी ते सोडलं नाही. दर खंडेनवमीला ते भट्टीत चार लाकडं ठेवायचे, ऊद आणि कापूर टाकायचे, कुणीतरी नारळ फोडून त्याचं पाणी आत शिंपडायचं. मूठभर जाळ व्हायचा. "चूल पार थंड पडू नये," असं त्यांचं म्हणणं. राख कधी काढली नाही. गावातल्या बाया आपल्या लेकरांच्या कपाळाला ती चिमूटभर लावायच्या, बाकीची आत तशीच राहायची. दर वर्षी थोडीवर थोडी.

मी ती हातानं ओढून घमेल्यात भरली. वरून मऊ, खाली दमट, तळाला चिखलासारखी. मग साहेबांनी दिलेला स्क्रूड्रायव्हर कोपऱ्यातल्या पत्र्यावर टेकवला. पत्रा खारी बिस्किटासारखा पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटला. जरा जोर दिला. स्क्रूड्रायव्हर आत गेला.

दुसऱ्या कोपऱ्यातही गेला. तिसऱ्यातही.

बाहेर आले तेव्हा मी कोळशासारखी झाले होते, पण कुणी हसलं नाही. साहेबांनी माझ्या हातातले पापुद्रे बोटांत चुरडले.

"वरचं सगळं ठणठणीत आहे. पण खालची कड गेली. आग आणि वाफ पाहिजे असेल तर ही भट्टी चालणार नाही. नवा बॉयलर करावा लागेल."

"आणि हा?"

"गॅसनं कापायचा. दुसरं काय?"

"कशानं गेला पत्रा?" चाचा विचारत होते. "मी सोता पानी काडलं हुतं तिच्यातलं. थेंब ठेवला न्हवता."

"ओली राख," साहेब म्हणायला लागले, "राख ओली राहिली ना, की ती लोखंड..." आणि त्यांची नजर घमेल्याकडे गेली, मग चाचांकडे. ते तिथंच थांबले.

चाचांनी खाली वाकून घमेल्यातली राख चिमटीत घेतली. चोळली. बोटं पुसायला खांद्यावरचं फडकं काढलं आणि पुसलीच नाहीत.

"ओली हाय," ते म्हणाले. "म्हंजे मीच की."

मला भर सभेत कुणी टोमणा मारला तर उत्तर तयार असतं. त्या वेळी मात्र कुणावर चिडायचं तेच कळेना आणि चिडल्याशिवाय कसं बोलतात ते मी कधी शिकलेच नव्हते.

पुढच्या बैठकीत उलटंच झालं. इतकी वर्षं 'हात लावू नये' म्हणणारी समिती आता धूर काढायला निघाली होती. नवा बॉयलर करून द्यायला एक दाते तयार झाले होते, फक्त त्यांचं नाव त्यावर ठळक अक्षरांत हवं होतं. "तोंडावळा तोच ठेवू, आतलं काय दिसतंय कुणाला?" असं ते म्हणाले, आणि चार माना हलल्या. मला दिसलं होतं ना आतलं.

मी उठून म्हणाले, "कापायचं नाही."

अध्यक्षांनी शांतपणे खिशातून गुलाबी कागद काढला. "ताई, हे कुणी लिहिलंय? 'इंजिन आहे की पुतळा?' वाचून दाखवू का पुढचं?"

हशा पिकला. आपल्याच पत्रकाची थोबाडीत बसते तेव्हा चांगलीच लागते. मी म्हणाले, "लिहिलं तेव्हा मी आत गेले नव्हते."

"मग चाचांना दिलेल्या शब्दाचं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

सगळे चाचांकडे वळले. ते दाराजवळच्या खुर्चीत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. नवा बॉयलर म्हणजे त्यांच्या हातात पुन्हा इंजिन. जुना वाचवायचा म्हणजे त्यांच्या खिशातला शब्द मीच काढून फाडायचा. आणि हे त्यांचं वय थांबून राहण्याचं नव्हतं.

"चाचा ठरवतील," अध्यक्ष म्हणाले.

चाचांनी मला जवळ बोलावलं. "आत काय दिसलं गं तुला? त्या दिशी तू काय बोलली न्हाईस."

"तुम्ही बघितलंच असेल की, चाचा. एवढी वर्षं..."

"मला नेमी आगच दिसली. दार उगडलं की डोळं दिपायचं. कोळसा टाकला, दार लावलं. आग न्हाय तवा फिटर जायचे आत, आमी न्हाय."

मी मोबाइल काढला. भट्टीत असताना मी व्हिडिओ घेतला होता, समितीच्या तोंडावर फेकायला पुरावा म्हणून. चाचांनी तो डोळ्यांजवळ धरला. नळ्यांच्या टोकांचे ठिपके उगवले तेव्हा त्यांनी मोबाइल आणखी जवळ ओढला. पुढं रिबेटांच्या ओळी आल्या. "थांबव," ते म्हणाले. एका कललेल्या डोक्यावर बोट ठेवलं. बोटाच्या धक्क्यानं चित्र हललं, तरी ते परत तिथंच आले.

"ह्यांच्या जिवावर मी हजारो मान्सं नेली," ते म्हणाले. "एक बी खिळा सुटला न्हाय कधी." मग मोबाइल माझ्या हातात देऊन अध्यक्षांना म्हणाले, "कापू नका सायेब. ह्यांच्यापरीस माजी हौस मोठी न्हाय."

दाते रागावून गेले. जाऊ देत.

साहेब मात्र गेले नाहीत. त्यांनीच तोड काढली. बॉयलरला हात न लावता, बाहेरून पाइप टाकून सिलिंडरला दाबाची हवा द्यायची. चाकं फिरतील. हवा कुठून आणायची? सोलापूरला हवेचा काय तोटा! टेंभुर्णीकडची एक बोअर मारायची गाडी आली, भलामोठा कॉम्प्रेसर घेऊन. जमिनीत पाणी शोधून शोधून दमलेली ती गाडी खंडेनवमीच्या सकाळी आमच्या शेडला येऊन लागली.

"ह्यो सायकलचा पंप हाय की," चाचा कुरकुरले. "आग न्हाय, वाफ न्हाय, कोळशाचा वास न्हाय. हिला इंजान म्हनायचं?"

"बसताय का उतरताय, चाचा?" बोअरवाला पोरगा ओरडला. "माझं डिझेल जळतंय."

"बसतो रे! घाई तुज्या बापाला."

दोघांनी धरून त्यांना वर चढवलं. पूजा झाली. या वेळी दिवा आणि ऊद खाली स्टुलावर होता आणि नारळ चाचांनी स्वतः रुळाच्या बाजूला, मातीत फोडला. भट्टीचं दार उघडून त्यांनी आत हात फिरवला. कोपरे कोरडे, तेल लावलेले. दार लावून घेतलं.

मी त्यांच्या मागे उभी होते. हवेसाठी बसवलेला नवा कॉक उजव्या हाताशी होता. वाफ सोडायचा जुना दांडा वर, तसाच. त्याला आता काहीच जोडलेलं नव्हतं. चाचांनी डावा हात त्या दांड्यावर ठेवला आणि उजव्यानं कॉक फिरवला.

आधी नुसता फुसकारा. मग पायाखालून काहीतरी सरकलं. ओंडका हलावा तसं नाही. झोपलेल्या जनावरानं पाय लांब करावा, तसं. चाकांना जोडणारा तो लांब लोखंडी दांडा, जो मी इतकी वर्षं रंगवलेला आणि गोठलेलाच बघितला होता, तो वर आला, पुढं गेला, खाली वळला. चाक फिरलं. शेडचं छप्पर आमच्यावरून मागं जायला लागलं. खाली गर्दीत अध्यक्षांनी टोपी काढून हातात धरली होती. बोअरवाला पोरगा तोंड उघडं टाकून बघत होता. घोषणा देऊन देऊन मी एक गोष्ट मागितली होती आणि ती मिळाली तेव्हा ती माझ्या मागणीपेक्षा कितीतरी मोठी निघाली.

इंजिन सावलीतून उन्हात आलं. चाचा सवयीनं बाजूला झुकले, डोकं बाहेर काढलं आणि डोळे बारीक करून समोर बघायला लागले, पुढं सिग्नल असल्यासारखे. समोर पिंपळ होता आणि त्याच्याआधी रूळ संपत होते. त्यांनी शिटीची दोरी ओढली. हवेची शिटी बारीक निघाली, वाफेसारखी भरलेली नव्हे. चाचांनी तोंड वाकडं केलं, तरी परत ओढली.

मागे हवेची होस ताणली गेली. "बास चाचा, बास!" पोरगा ओरडला. कॉक बंद झाला. चाकं अर्धा वळसा घेऊन थांबली.

"कुटंपतूर आलो?" त्यांनी मला विचारलं.

"पिंपळापाशी, चाचा. होस संपली."

त्यांचा डावा हात अजून त्या निकामी दांड्यावरच होता, घट्ट. "उलटी घेऊ?" ते म्हणाले आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी गाडी उलटी घेतली.