न सांगितल्यास नऊ हजार सहाशे

किस्से काही ठरवून जमा होत नाहीत. चहा सांगितला की एक निघतो, चहा उशिरा आला की दोन! दोन हजार सालच्या आसपास जालन्यातल्या आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चहा रोज उशिरा यायचा. आणि निम्म्याहून जास्त किस्से आमच्या लॅबप्रमुख सुनंदाताईंचेच.

*

एकदा सर्व्हरचा मॉनिटर गेला. ताईंनी सर्व्हरच्या मागे सिरियल केबल लावली आणि दुसरं टोक एका जुन्या टर्मिनलला जोडलं. म्हणजे आता सर्व्हर त्या पडद्यावर बोलणार! पण पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं. आमचे हार्डवेअरवाले रशीदभाई ओरडले, "व्हायरस घुसला!"

"घुसला-बिसला काही न्हाई," ताई म्हणाल्या. "हा जल्दी बोलून राह्यला, तो सावकाश ऐकून राह्यला. आपली स्टाफ मीटिंग समजा!"

दोघांचा वेग जुळवला आणि स्वच्छ अक्षरं उमटली.

*

आमचा जुना विद्यार्थी महादेव जाफराबादला एका ऑफिसात नुकताच लागला होता. तो नेमका इथंच, सर्व्हर आणि टर्मिनलचा वेग जुळवताना, अडकला. कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, वेग कुणी सांगितलाच नव्हता. न सांगितल्यास तो आपल्या मनानं कोणता धरतो, हे कर्नलसोबत येणाऱ्या लेखी माहितीत कुठंच नव्हतं. साहेब म्हणाले, "ह्याला काम येत न्हाई, काढा."

महादेवनं रडवेल्या आवाजात ताईंना फोन केला. ताईंनी कर्नलचा कोड उघडून वाचला आणि सांगितलं, "टर्मिनलचा वेग नऊ हजार सहाशे लाव." नोकरी वाचली.

आम्ही म्हणालो, "चला, मिटलं!"

"मिटलं कसं? सगळ्यांकडं माझा नंबर थोडाच आहे?"

आणि त्या खुलासा लिहायला बसल्या. तोही थेट त्या कर्नलच्या माहितीत घालायला! तो कर्नल सगळ्यांना खुला होता, कुणीही सुधारणा लिहून पाठवावी.

*

प्राचार्य म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे ना, मग लिहिता कशाला?"

"माहीत न्हाई त्यानं लिहायचं का मंग, सर?"

*

इंग्रजीत लिहिलेलं एकेक वाक्य ताई रशीदभाईंना मराठीत समजावून सांगायच्या. रशीदभाईंनी पटकन "बराबर!" म्हटलं की ते वाक्य खोडायच्या.

"अहो ताई, बराबर म्हणलो ना मी!"

"लई जल्दी म्हणलात. म्हणजे कळलं न्हाई."

खरं सांगतो, एवढ्याशा मजकुरावर इतकी मेहनत घेणारं माणूस मी नंतर पाहिलं नाही.

*

शेवटी मजकूर ईमेलनं गेला. कर्नलची ती बाजू सांभाळणारा माणूस परदेशात होता. त्याचं उत्तर आलं, 'नको. हे सगळ्यांना माहीतच असतं.'

ताईंचा चेहरा उतरला. आम्हालाच रडू यायचं बाकी होतं. रशीदभाई म्हणाले, "जाऊ द्या ताई, आपण आपलं काम केलं."

"महादेव काय एकटाच हाय व्हय?" असं म्हणून ताईंनी एकच ओळ पाठवली, 'न सांगितल्यास वेग किती, हे कृपया तुमच्या ऑफिसात विचारून पाहा.'

मग बरेच दिवस काहीच नाही. रोज सकाळी मोडेम किरकिरायचा, ताई पुढं सरकून बघायच्या आणि वर्गावर निघून जायच्या. अखेर एके दिवशी उत्तर आलं, आणि आम्ही सगळे खुर्चीमागं गोळा झालो.

'तुमचा मजकूर घेतला आहे. ऑफिसात तिघांना विचारलं. तिघांनी तीन आकडे सांगितले, तिन्ही चुकीचे. त्या तिघांत एक मी होतो.'