एक नाव कमी पडतंय

कांचनच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी तलावाच्या पाळीवर बसून आईबरोबर मासोळ्या साफ करत होते. हात खवल्यांनी भरलेले, म्हणून फोन खांद्यात धरला आणि नेहमीसारखी ओरडलेच, "मेली होती का कुठी? फोन नाई, काई नाई!" पलीकडून तिच्या आईचा आवाज आला, "हो वं बाई... गेली आपली कांचन." चंद्रपूरच्या दवाखान्यातून गाडी गावाकडे निघाली होती. तेव्हापासून 'मेली' हा शब्द मी कुणाला गमतीतही म्हणत नाही.

दोन दिवसांनी पेपरात चार ओळी आल्या. बी.ए. प्रथम वर्षाची विद्यार्थिनी कांचन हिचे अल्पशा आजाराने निधन. अल्पशा! कांचनला सिकलसेल होता, जन्मापासून. हाडं आतून ठणकायची, डोळे पिवळे पडायचे, शाळेचे निम्मे दिवस ती घरीच. ती पाचवीत असताना तिचा धाकटा भाऊ याच दुखण्यानं गेला, तेव्हा पेपरानं छापलं होतं, 'गूढ आजाराने बालकाचा मृत्यू'. गावातल्या शेंबड्या पोराला माहीत असलेला आजार पेपराला गूढ वाटला. "घरी येऊन कोनी विचारलंच नाई वं, नाईतर मायनं सांगतलं असतं," असं ती म्हणायची. तिला पत्रकार व्हायचं होतं ते एवढ्यासाठी. टीव्हीवर चमकायचं वगैरे तिच्या डोक्यात नव्हतं. घरी जाऊन विचारायचं, बस.

बारावीनंतर ज्याला त्याला तिच्या पुढच्या शिक्षणाची काळजी. मामा म्हणे नर्सिंग कर, शेजारी म्हणे संगणक शीक. नागपूरला पत्रकारिता शिकायला पाठवायची तर परक्या गावात दुखणं उठल्यावर बघणार कोण, म्हणून घरचे सोडेनात. राहिलं आमचं तालुक्याचं कॉलेज. तिथं बी.ए.ला पत्रकारिता हा विषय होता, पण नुसता नावाला. मुलंच मिळत नाहीत म्हणून तो कधी उघडलेलाच नव्हता. प्राचार्य म्हणाले, वीस नावं आण, उघडतो. आता आम्हाला तासिकेवर शिकवणाऱ्या सरांनी आधी आयुष्यभर बातमीदारी केलेली. त्यांनी मात्र तिला परतवायचा प्रयत्न केला. "पत्रकार व्हायला पत्रकारिताच घ्यावी लागते असं नाही, बेटा. समाजशास्त्र घे, अर्थशास्त्र घे. माणसं कशी जगतात ते कळू दे. बातमी लिहिणं काय, नंतरही शिकता येतं." सरांचं काही चुकत नव्हतं. कांचन म्हणाली, "सर, ते सारं शिकून मंग बातमी लिहाची म्हनता... मले तेवढा टाईम हाये का?" सर चष्मा पुसत बसले. त्यानंतर त्यांनी तिला कधी दुसरा विषय सुचवला नाही.

मग सुरू झाली तिची नावं गोळा करायची मोहीम. एसटीत शेजारी पोरगी बसली की हिचा पहिला प्रश्न, "बारावी झाली का तुझी?" नाव, गाव त्यानंतर. मी लाजेनं खिडकीबाहेर खनिजाचे ट्रक बघत बसायची. पण प्रवेशाचे दिवस म्हणजे धानाच्या रोवणीचे दिवस, साऱ्या पोरी बांधीत, भाताच्या खाचरात. आमच्या गावी आली तेव्हा ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभी राहून पत्रकारितेचं महत्त्व सांगायला लागली. माझी मोठी माय, म्हणजे मोठी काकू, रोवणीच्या बायांची पुढारी. ती कंबर सरळ न करताच म्हणाली, "बोलाचं असन त हात चालू ठेव बाई. उभ्यानं गोष्टी आयकाले टाईम कोनाले हाये?" झालं. हिनं सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि उतरली की चिखलात! थंड पाण्यात राहू नको, दमू नको, असं डॉक्टरांनी तिला शंभरदा बजावलेलं. मी हात धरून ओढलं. "तुले जमत नाई वं ते." "नाव तर जमून राह्यले ना," म्हणाली आणि हसली. त्या दिवशी तिला तीन नावं मिळाली. तशीच ती गावोगाव, बांधीबांधीतून फिरली. रोवणीनंच ती गेली असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणत नाहीत. पण धान आता गर्भात आलंय आणि मला त्या बांधीकडे बघवत नाही.

विसावं नाव माझं. मला गृहअर्थशास्त्र हवं होतं. पुढे अंगणवाडीत नोकरी, आईच्या हातातली मासोळ्यांची टोपली सुटावी, एवढंच माझं स्वप्न. कांचननं मस्का लावला, "नुसतं नाव लाव वं लली. आनखी एक पोरगी भेटली का तू जाय आपल्या शेवया कराले." मी नाव लावलं. खेळाच्या सामानाची, व्हरांड्याच्या टोकाची खोली आम्हाला मिळाली. फुटके कॅरम, जाळी नसलेल्या रॅकेटा बाहेर काढून तिनं खोली झाडली आणि दारावर पुठ्ठा लावला, 'पत्रकारिता' असं स्वतःच्या हातानं लिहून. त्या खोलीत ती मोजके दिवस बसली. एक दिवस अंग दुखतंय म्हणून आली नाही...

आता आम्ही एकोणीस. प्राचार्यांनी घट बसेपर्यंत मुदत दिली आहे. नाहीतर विषय बंद, आणि आम्ही ज्या त्या विषयात वाटून जाऊ. सरांनी पटावरचं तिचं नाव अजून कापलेलं नाही. तिथं आले की थांबतात, घोटभर पाणी पितात, पुढचं नाव घेतात. मला गृहअर्थशास्त्राला जायला आजही कुणाची आडकाठी नाही. पण तेराव्याला तिच्या आईनं माझा हात धरून विचारलं, "तिचा तो विषय चालू हाये ना वं?" मी हो म्हणाले. आता कुठल्या तोंडानं जाऊ?

म्हणून मीच फिरते आहे. कुणाचं लग्न ठरलंय, कुणी चंद्रपूरला कपड्यांच्या दुकानात लागली. एका घरी तर म्हातारीनं दारातूनच सुनावलं, "जिनं विषय काहाडला तेच गेली. त्या विषयाचा पायगुनच वाईट." आमच्यातल्या दोघींच्या आयाही आता नाव काढा म्हणून मागे लागल्या आहेत. मला कांचनसारखं बोलता येत नाही. मला राग येतो, रडू येतं, आणि रडणाऱ्या पोरीचं ऐकून कोण विषय निवडणार?

परवा एसटीत एक पोरगी शेजारी येऊन बसली, मांडीवर पिशवी. आणि माझ्याच तोंडून निघालं, "बारावी झाली का तुझी?" ती म्हणाली, "झाली ना. काऊन?" काऊन, का म्हणून... याचं उत्तर कांचनजवळ असायचं. मी तिला त्या चार ओळींबद्दल सांगितलं, अल्पशा आजाराबद्दल सांगितलं, बांधीबद्दल सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिचं गाव आलं आणि ती उतरून गेली.

सर म्हणाले, तिच्यावर तूच लिही. हे माझं पहिलं लिखाण. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना वाचणाऱ्याकडे काही मागू नये, हे मला कळतं. पण कांचन मागायला कधी लाजली नाही. व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीवर तो पुठ्ठा अजून आहे, पावसानं अक्षरं फुगली आहेत, पण वाचता येतात. मी आता गृहअर्थशास्त्राला जाणार नाही. घट बसायला थोडेच दिवस उरले आहेत आणि एक नाव कमी पडतंय. हे वाचून राह्यली असशीन तर सांग ना बाई... बारावी झाली का तुझी?